गोंडांचे देव आणि सरकारची यादी

मी कारध्याचा माणूस. वैनगंगेच्या एका काठावर भंडारा शहर, दुसऱ्या काठावर आमचे गाव. शाळा लवकर सुटली. पुढे विडी कामगारांच्या संघटनेचे काम करता करता, वाचनालयात बसून जे मिळेल ते वाचले. तेव्हा जमाती आणि त्यांचे पोटगट या विद्वानांच्या विषयावर मी का बोलावे, असे काहींना वाटले असेल. पण या विषयाशी माझी गाठ पुस्तकात पडलेली नाही. ती अर्ज भरताना पडली.

विड्या वळणाऱ्या एका बाईच्या मुलासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज लिहीत होतो. जातीच्या रकान्याशी आलो आणि थांबलो. मुलाचा आजोबा शेजारी बसला होता. उभा जन्म गावची गुरे राखण्यात गेलेला. तो म्हणाला, "भाऊ, आमी गोवारी. मांगं गोंड लावाचं का नाई, ते तुमीच सांगा." मला सांगता आले नाही. घरी आल्यावर मी पुस्तके काढली.

प्रथम गोंडांचे पाहू. गोंड हे नाव त्यांना इतरांनी दिलेले आहे. आपल्या भाषेत ते स्वतःला कोया किंवा कोयतूर म्हणवतात. ही गोंडी भाषा तेलुगू-तमिळच्या, म्हणजे द्राविडी कुळातली. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे २९ लाखांवर भरले. आता इतक्या मोठ्या समाजात कोण कोणाचा, हे त्यांनी कसे ठरवले? देवांच्या संख्येवर. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. या गटाला सगा म्हणतात आणि प्रत्येक सग्यात अनेक कुळे असतात. सारख्या संख्येचे देव पुजणारे ते भाऊ-भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलगी द्यायची ती वेगळ्या संख्येच्या घरी. अनोळखी गोंड पाहुणा ओसरीवर टेकला की देव किती, एवढे विचारले म्हणजे पुरे. तो भाऊ की व्याही होण्याजोगा, हे तिथेच कळते. कागद लागत नाही, शिक्का लागत नाही.

ही व्यवस्था लावून दिली पहांदी पारी कुपार लिंगो याने, अशी त्यांची श्रद्धा. गुहेत कोंडलेल्या देवांना त्याने सोडवले आणि त्यांची वाटणी केली. ती गुहा म्हणजे सालेकसा तालुक्यातले कचारगड, असे गोंड मानतात. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. १९९९ पर्यंत हा भाग आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. लिंगोची ही कथा प्रधान लोक गाऊन सांगत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ती छापली गेली.

मौज अशी की, युरोपात दोन हजार वर्षांपूर्वी जवळजवळ हेच घडत होते. राइन नदीपलीकडच्या लोकांना रोमन लोक जर्मान म्हणत. टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने इसवी सन ९८ च्या सुमारास त्यांच्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. तो म्हणतो, हे लोक जमिनीतून उपजलेल्या ट्युस्टो देवाला आणि त्याच्या मान्नस या पुत्राला आपले मूळ मानतात. मान्नसाच्या तीन मुलांवरून तीन गट पडले : समुद्राकाठचे इंगेव्होन, मधल्या प्रदेशातले हर्मिनोन आणि उरलेले ते इस्टेव्होन. पण हा मनुष्य प्रामाणिक होता. कित्येक जण मान्नसाला याहून अधिक मुलगे होते असे सांगतात आणि जर्मानिया हे नावही नवेच आहे, हेही त्याने नोंदवून ठेवले. त्याच्या आधीच्या प्लिनीने तर पाच गट सांगितले होते. पुढे तिसऱ्या शतकात हे जुने गट मागे पडून आलेमान्नी, फ्रँक असे नवे संघ पुढे आले. आलेमान्नी याचा अर्थ 'सगळी माणसे' असा सांगतात. संघटनेच्या माणसाला हे नाव आवडावे यात नवल नाही.

म्हणजे जमातीचे गट दगडावर कोरलेले नसतात. मात्र रोमच्या वहीत तीन लिहिले की पाच, याने राइनपलीकडच्या कोणा मुलाची फी माफ होत नव्हती की बुडत नव्हती. आपल्याकडे तसे राहिले नाही.

गोंडांच्या आसऱ्याला धंद्याधंद्याचे लोक होते. गाणारे प्रधान, लोखंड गाळणारे अगारिया, गुरे राखणारे गोवारी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात गोवाऱ्यांचे तीन भाग दिले आहेत : गाय गोवारी, इंगा आणि मारिया किंवा गोंड गोवारी. पहिल्यात गवळ्यांचे रक्त अधिक असावे आणि पुढचे दोन गोंडांपासून निघाले, असा त्यांचा तर्क. बहुधा असावे, असे म्हणणाऱ्या या पुस्तकाचा पुढे कोर्टकचेरीत पुरावा झाला.

१९५६ च्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली 'गोंड गोवारी' हे नाव आले. तीही नोंद सगळीकडे लागू नव्हती. विदर्भापुरते बोलायचे तर मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढेच तालुके त्यात होते. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोलीत राहणारा गोंड आदिवासी ठरला. त्याच नदीचे पाणी पिणारा आमच्याकडचा त्याचा सगाभाऊ ठरला नाही. देव दोघांचे सारखेच! ही तालुक्यांची अट १९७६ च्या कायद्याने गेली.

गोवाऱ्यांचा प्रश्न मात्र उरलाच. 'गोंड गोवारी' हे एका जमातीचे नाव, की गोंड वेगळे आणि गोवारी वेगळे असून मधला स्वल्पविराम गळाला? गोवारी म्हणत, ते आम्हीच. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने सांगितले, नाही, ते वेगळे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवाऱ्यांचा मोर्चा नागपूरला विधिमंडळावर गेला. त्यात लेकुरवाळ्या बाया होत्या, म्हातारे होते. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. मी आयुष्यभर मोर्चे काढले आहेत. लोक निवेदन घ्यायला कोणी येईल म्हणून किती वेळ उभे राहतात, हे मला ठाऊक आहे. नागपुरात त्यांचे स्मारक आहे. कधी गेलात तर क्षणभर थांबा.

१९९५ साली त्यांना विशेष मागास प्रवर्गात घेतले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निकाल दिला, की गोंड गोवारी नावाची निराळी जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली होती, तेव्हा यादीतले गोंड गोवारी म्हणजे गोवारीच. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी तो फिरवला : दोन्ही वेगळे, यादी आहे तशी वाचायची. मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या राखल्या. याच गोंडांच्या नोंदीत माना हेही नाव आहे. त्यांच्याविषयी त्याच न्यायालयाने २००६ साली म्हटले होते, की माना ही स्वतंत्र जमात आहे, तिला गोंडांशी नाते दाखवण्याची गरज नाही.

कायद्याचा मी द्वेष्टा नव्हे. घरी विड्या वळणारी बाई ही कामगारच, हे १९६६ च्या विडी कायद्याने लिहिले, तेव्हा कोठे तिच्या हक्काला कागदाचा आधार मिळाला. तोवर सट्टेदार तिला मोजतच नसे. यादीत नाव असण्याची किंमत मला कळते. म्हणूनच माझे म्हणणे एवढेच, की नाव घालताना ज्याचे ते नाव आहे त्याच्या ओसरीवर जाऊन आधी विचारले पाहिजे. रसेलसाहेबाला निदान विचारायला हिरालाल तरी होते.

त्या म्हाताऱ्याच्या नातवाच्या अर्जावर मी शेवटी 'गोवारी' असेच लिहिले. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाच्या दिवशी म्हातारा ढाल घेऊन नाचताना दिसला. माझ्याकडे पाहून हसला. अर्जाचे काय झाले, हे त्याने विचारले नाही.