लग्न ठरलं म्हणून राजीनामा

किरणोत्साराचा विषय निघाला की आपल्या तोंडी एकच नाव येतं, मादाम क्युरींचं. आणि ते योग्यच आहे. पण त्याच काळात कॅनडात हॅरिएट ब्रुक्स नावाची एक मुलगी याच विषयात काम करत होती. शाळेच्या पुस्तकात ती भेटत नाही, म्हणून आज तिच्याविषयी.

जन्म १८७६ चा. वडील पिठाचे फिरते विक्रेते, घरात भावंडं भरपूर. शिष्यवृत्तीच्या आधारावर ती मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकली आणि १८९८ मध्ये पदवीधर झाली. त्याच वर्षी तिथे अर्नेस्ट रदरफर्ड प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी पहिली विद्यार्थिनी हीच.

आता ती करत काय होती ते सांगते. रेडियमसारख्या पदार्थातून, कुणी न तापवता, आपोआप किरण बाहेर पडतात. शिवाय त्यातून हवेसारखंही काहीतरी निघतं. ती रेडियमचीच वाफ आहे का दुसरंच काही? हलका वायू नळीत भराभर पसरतो, जड वायू सावकाश. तेव्हा हा किती वेगाने पसरतो ते रदरफर्ड आणि हॅरिएट यांनी मोजलं. १९०१ मध्ये उत्तर मिळालं: हा हवेपेक्षा जड वायू आहे, पण रेडियमची वाफ म्हणावी इतका जड नाही. म्हणजे पदार्थच वेगळा! आज आपण त्याला रेडॉन म्हणतो. एक मूलद्रव्य बदलून दुसरं होत नाही, असं तोवर शास्त्र मानत होतं. त्या समजुतीला इथे तडा गेला.

पुढे तिला आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. किरणोत्सारी केलेली धातूची पट्टी भांड्यात ठेवली, की भांड्याच्या आतल्या बाजूही किरणोत्सारी होत. पट्टीवरचा पदार्थ उडून जात असावा, असं तिने १९०४ मध्ये लिहिलं. खरं कारण काही वर्षांनी उलगडलं. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते ना, तसंच कण बाहेर फेकताना उरलेला अणू मागे ढकलला जातो आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसतो. पण पाहिलं होतं ते आधी हिने.

मग ती न्यूयॉर्कच्या बर्नार्ड या मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागली. १९०६ मध्ये तिचं लग्न ठरलं आणि तिने ते कॉलेजला कळवलं. उत्तर आलं, लग्न होताच नोकरी सोडा! हे सांगणाऱ्या डीन स्वतः बाईच होत्या, लॉरा गिल. विवाहितेचं पहिलं काम घर, असं त्यांचं म्हणणं. हॅरिएटने उलट लिहिलं, की केवळ लग्न केलं म्हणून बाईला तिचा पेशा सोडायला लावता येणार नाही, आणि हे दाखवून देणं हे माझं माझ्या पेशाप्रती आणि स्त्रियांप्रती कर्तव्य आहे. विभागप्रमुख मार्गारेट मॉल्टबी तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, पण कॉलेज बधलं नाही. शेवटी ते लग्न मोडलं आणि तिने नोकरीही सोडली.

त्यानंतर ती पॅरिसला मादाम क्युरींच्या प्रयोगशाळेत गेली. पियेर क्युरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये अपघातात गेले होते. दोन लहान मुली सांभाळून मादाम प्रयोगशाळा चालवत होत्या. हॅरिएट हे रोज पाहत होती. इकडे मँचेस्टरला जागा मिळावी म्हणून रदरफर्डनी शिफारस केली, की किरणोत्साराच्या क्षेत्रातल्या स्त्रियांमध्ये मादाम क्युरींच्या खालोखाल हीच.

ती मँचेस्टरला गेली नाही. १९०७ मध्ये तिने फ्रँक पिचर यांच्याशी लग्न केलं, मॉन्ट्रियलला परतली आणि भौतिकशास्त्र कायमचं सोडलं. "संसारासाठी सोडलं" असं म्हणणं सोपं आहे. मला ते तितकंसं पटत नाही. आदल्याच वर्षी हीच बाई त्याविरुद्ध भांडली होती, आणि त्या भांडणात तिला काय मिळालं ते आपण पाहिलंच. तिला तीन मुलं झाली. त्यातली दोन तिच्या डोळ्यांदेखत गेली.

१९३३ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, ती वारली. 'नेचर' या नियतकालिकात तिच्यावर मृत्युलेख आला. तो लिहिला होता रदरफर्ड यांनी, आणि त्यात त्या पट्टीच्या प्रयोगाची आठवण होती.