स्टिअरिंगवरची फिरती मूठ : बांधीत सोय, रस्त्यावर जोखीम

भिलाई (छत्तीसगड) : पावसाळा स्थिरावून बांध्यांत पाणी साचले, की दुर्ग जिल्ह्यातील धानपट्ट्यात ट्रॅक्टरला उसंत मिळत नाही. चिखलणीच्या या दिवसांत चालकाचा एक हात सतत स्टिअरिंगवर, तर दुसरा हायड्रॉलिकच्या दांडीवर असतो. ही कसरत हलकी व्हावी म्हणून स्टिअरिंगच्या कड्यावर स्वतःभोवती फिरणारी एक छोटी मूठ बसवली जाते. बाजारात तिला ‘स्टिअरिंग नॉब’ किंवा ‘पॉवर हँडल’ म्हणतात. वस्तू लहान, स्वस्त आणि बसवायला सोपी. मात्र ती नेमके काय करते, काय करत नाही आणि कोणत्या क्षणी तीच मूठ चालकाचा अंगठा किंवा मनगट दुखावू शकते, हे समजून घेतल्याखेरीज तिचा वापर करणे हितावह नाही.

भिलाईची ओळख पोलादनगरी अशी आहे. भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथील कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रेल्वेचे रूळ घडविणाऱ्या या नगरीच्या वेशीबाहेर पडताच धानाची शेती सुरू होते. फिरती मूठ या दोन्ही जगांना परिचित आहे. कारखाने व गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवर चालक डाव्या हाताने अशीच मूठ धरून चाक फिरवतो आणि उजव्या हाताने काटे वर-खाली करतो. ट्रॅक्टरवरील मुठीमागचे तत्त्व हेच आहे.

आत्मघाती मूठ हे नाव का पडले?

या साधनाचा प्रसार अमेरिकेत झाला तो मोटारींमध्ये पॉवर स्टिअरिंग नव्हते त्या काळात. जड चाक वळविणे कष्टाचे असल्याने १९३० च्या दशकापासून अनेक मोटारी, मालमोटारी व ट्रॅक्टरांवर अशा मुठी दिसू लागल्या. तेथे तिला ‘ब्रोडी नॉब’ असेही म्हणत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून १८८६ मध्ये नदीत उडी मारल्याचा दावा करणाऱ्या स्टीव्ह ब्रोडी याच्या नावाशी हे नाव जोडले जाते. तिचे दुसरे नाव याहून बोलके आहे, ‘सुसाईड नॉब’, अर्थात आत्मघाती मूठ. क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये पॉवर स्टिअरिंग असलेली मोटार बाजारात आणली. पुढे हे तंत्र सर्वत्र रुळले आणि सामान्य मोटारींवर मुठीची गरज उरली नाही. फोर्कलिफ्ट, ट्रॅक्टर आणि दिव्यांगांसाठीची वाहने यांवर मात्र ती टिकून राहिली. याचे कारण या वाहनांच्या कामाच्या स्वरूपात आहे.

वळणांचा हिशेब

ट्रॅक्टरचे स्टिअरिंग चाक सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाचे आहे, असे धरू. त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे हाताचा सुमारे १२६ सेंटिमीटरचा प्रवास. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाला ४ फेरे लागत असतील, तर सरळ स्थितीतून पूर्ण वळणासाठी २ फेरे आणि पुन्हा सरळ होण्यासाठी आणखी २ फेरे घ्यावे लागतात. म्हणजे धुऱ्याजवळच्या प्रत्येक वळणावर हात सुमारे ५ मीटर फिरतो.

आता एक एकराचे सलग शेत घ्या : ६० मीटर रुंद आणि ६७ मीटर लांब. दीड मीटर रुंदीच्या रोटाव्हेटरने एकदा काम करायचे, तर ४० तास काढावे लागतात आणि दोन तासांच्या मधली ३९ वळणे घ्यावी लागतात. तेच एकर चार समान बांध्यांत विभागलेले असेल, तर प्रत्येक बांधीत २० तास व १९ वळणे, म्हणजे एकूण ७६ वळणे होतात. शेत तेवढेच, पण वळणे जवळपास दुप्पट आणि चाकाचे फेरे तीनशेहून अधिक. दुर्ग, राजनांदगाव असो वा सीमेपलीकडील गोंदिया, भंडारा. लहान बांध्यांच्या धानशेतीत चालकाचे खांदे संध्याकाळी का भरून येतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

शिवाय वळणावर केवळ चाक फिरवून भागत नाही. वेग कमी करणे, अवजार वर उचलणे, चाक फिरवणे, गरजेनुसार आतल्या बाजूचा ब्रेक दाबणे, चाक सरळ करणे आणि अवजार पुन्हा खाली सोडणे, ही सहा कामे काही क्षणांत एकामागून एक करावी लागतात. बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकच्या दांड्या उजव्या हाताला असतात. त्यामुळे चाकाची जबाबदारी एकट्या डाव्या हातावर येते. मोकळ्या कड्यावर एका हाताने चाक फिरवताना पकड वारंवार सोडावी व धरावी लागते. फिरती मूठ असेल तर पकड न सोडता चाक सलग फिरते. मुठीचा खरा उपयोग एवढाच आहे.

नाव ‘पॉवर’, पण शक्ती वाढत नाही

‘पॉवर हँडल’ या नावामुळे मूठ बसवली की जड स्टिअरिंग हलके होते, असा समज होतो. तो चुकीचा आहे. चाक फिरविण्यासाठी लागणारे बळ हे मध्यापासून हात किती अंतरावर आहे यावर ठरते. मूठ कड्यावरच बसत असल्याने ते अंतर जवळपास तेवढेच राहते. उलट, दोन हातांनी मिळून लागणारा जोर आता एकाच हाताला लावावा लागतो. म्हणजे मूठ हालचाल सलग करते, बळ वाचवत नाही.

म्हणूनच आपल्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी पाहावे. साध्या यांत्रिक स्टिअरिंगमध्ये कडे आणि पुढची चाके दांड्यांनी एकमेकांशी जोडलेली असतात. पुढचे चाक दगडावर, खड्ड्यात किंवा धुऱ्यावर आदळले, तर तो हिसका दांड्यांमार्फत थेट कड्यापर्यंत पोहोचतो आणि कडे क्षणार्धात फिरते. अशा वेळी मूठ घट्ट धरलेली असेल तर मनगट मुरगळते. मोकळी असेल तर गरकन फिरून अंगठ्यावर, बोटांवर किंवा कोपरावर आदळते. यांत्रिक स्टिअरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरवर मूठ बसवू नये, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

हायड्रोस्टॅटिक पॉवर स्टिअरिंगमध्ये कडे आणि चाके यांच्यात यांत्रिक जोड नसतो. कडे फिरवले की तेल मोजून पुढच्या सिलिंडरकडे पाठवले जाते आणि चाके वळतात. त्यामुळे हिसका कड्यापर्यंत फारसा येत नाही व एका हाताचा जोर पुरतो. मूठ शोभते ती अशा ट्रॅक्टरला. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, तेलाच्या अंतर्गत गळतीमुळे कड्याची स्थिती हळूहळू सरकते. सकाळी चाके सरळ असताना डावीकडे असलेली मूठ दुपारी वर किंवा खाली आलेली दिसू शकते. म्हणून मुठीच्या जागेवरून चाके सरळ आहेत की नाहीत, याचा अंदाज बांधू नये. दुसरी, इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग एकदम जड होते. त्या क्षणी एका हाताने मूठ ओढत बसण्याऐवजी दोन्ही हातांनी कडे धरावे आणि ब्रेक लावून ट्रॅक्टर थांबवावा.

बसवताना घ्यावयाची काळजी

मुठीचा पट्टा कड्याच्या जाडीला नेमका बसणारा असावा. सैल पट्ट्याखाली कापड कोंबून काम भागवणे धोक्याचे आहे, कारण ऐन वळणावर मूठ कड्यावरून घसरली तर हात रिकामा पडतो. आत रबराचे अस्तर असलेला, बोल्टने आवळला जाणारा पट्टा चांगला. हायड्रॉलिकची दांडी उजवीकडे असेल, तर चाके सरळ असताना मूठ कड्याच्या डाव्या बाजूला, घड्याळातील ९ ते १० या अंकांच्या जागी असावी. ती मीटर किंवा हॉर्न झाकणार नाही, हेही पाहावे. दुमडणारी किंवा सहज काढता येणारी मूठ केव्हाही श्रेयस्कर.

बसविल्यावर मोकळ्या शेतात, अगदी मंद वेगाने, चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. मूठ गुडघ्याला, थ्रॉटलच्या दांडीला किंवा अंगावरच्या कपड्याला अडकत असेल तर जागा बदलावी. गळ्यातील गमछा, सैल बाही आणि हातातील कडे यांचा मुठीशी संबंध येता कामा नये. उन्हापावसाने प्लॅस्टिकला तडे जातात व बोल्ट ढिले होतात. म्हणून हंगामात रोज सकाळी डिझेल व तेल तपासताना मूठही एकदा हलवून पाहावी.

मूठ केव्हा धरावी, केव्हा सोडावी

मूठ ही वळणापुरती आहे. तास सरळ चालू असताना हात कड्यावर असावा आणि अंगठा कड्याच्या आत न अडकवता बाहेरच्या बाजूने ठेवावा. वळण आले की आधी वेग कमी करावा, अवजार उचलावे आणि मगच मूठ धरावी. तीही मुठीत आवळून नव्हे, तर तळहाताने सैलसर. धुरा ओलांडताना मुठीवरचा हात काढून दोन्ही हातांनी कडे धरावे.

रस्त्यावर आल्यावर चित्र पूर्णपणे पालटते. वळताना वाहनाला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बांधीत ताशी ५ किलोमीटर वेगाने घेतलेले वळण तेवढ्याच त्रिज्येने ताशी २५ किलोमीटर वेगाने घेतले, तर वेग पाचपट पण जोर पंचवीसपट होतो. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य उंचावर असतो. मागे भरलेली ट्रॉली असेल तर पुढच्या चाकांवरील भारही कमी होऊ शकतो. अशा वेळी मुठीमुळे चाक क्षणात पूर्ण वळते, ही तिची सोयच घात करते. समोर अचानक गुरे आली आणि घाबरून हात फिरला, तर ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही. दुर्ग-भिलाईहून राजनांदगावमार्गे महाराष्ट्रात जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ सारख्या वर्दळीच्या रस्त्यावर चढण्यापूर्वी मूठ दुमडावी किंवा काढून ठेवावी. त्याच वेळी ब्रेकचे दोन्ही पायटे एकमेकांना जोडणारी कडी लावावी. ही दोन्ही कामे एकाच सवयीने व्हावीत : मूठ आत, कडी बंद.

कायद्याची बाजू

वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ प्रतिबंध करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हे तत्त्व ठामपणे मांडले. त्यामुळे मूठ बसविण्यासाठी कड्याला भोक पाडणे, वेल्डिंग करणे किंवा मूळ चाकच बदलणे टाळावे.

मात्र या मुठीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्यांचा एक हात निकामी आहे किंवा गमावला आहे, त्यांच्यासाठी ती सोय नसून वाहन चालविण्याचा आधार आहे. अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी बदल केलेल्या वाहनांना स्वतंत्र ओळख दिली. अशा व्यक्तींनी रीतसर परिवहन कार्यालयामार्फत बदलाची नोंद करून घ्यावी. मळणीयंत्रात किंवा अपघातात हात गमावलेल्या शेतकऱ्याला आपल्या शेताची वाट पुन्हा स्वतः धरता येणे, याचे मोल मोठे आहे.

मूठ स्वतः चांगली किंवा वाईट नाही. पॉवर स्टिअरिंग, मंद वेग आणि मोकळे शेत या तीन अटी जुळल्या तर ती खांद्यांवरचा ताण कमी करते. यातील एकही अट सुटली, तर हात परत कड्यावर आणावा. तोही एक नव्हे, दोन्ही.