समुद्रकांठची लांकडी हत्तीण

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, अटलांटिक महासागराच्या कांठीं, मार्गेट नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथील रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशाला वाळूच्या कडेला एक प्रचंड हत्तीण उभी दिसते. तिची उंची ६५ फूट. म्हणजे जवळजवळ सहा मजली घराएवढी. सांगाडा लांकडाचा, त्यावर पत्र्याची कातडी, पाठीवर अंबारी आणि सोंड खालीं बादलींत टेकलेली. तिचें नांव ल्यूसी.

एवढा खटाटोप कोणीं व कशासाठीं केला असेल? येथें कोणतेंहि देवस्थान नव्हतें, कीं कोणा राजाची स्वारी निघावयाची नव्हती. ही हत्तीण जन्मली ती जमीन विकण्यासाठीं. जेम्स लॅफर्टी नांवाच्या गृहस्थाची या किनाऱ्यावर बरीच मोकळी जमीन होती. परंतु त्या ओसाड वाळवंटाकडे गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हां १८८१ सालीं त्यानें ही इमारत उभारली. कुतूहलानें आलेल्या पाहुण्यास तो अंबारींत चढवी आणि तेथून खालचे विकाऊ तुकडे दाखवी! प्राण्याच्या आकाराच्या इमारती बांधण्याचा एकाधिकारहि त्यानें १८८२ सालीं सरकारकडून मिळविला. पुढें केप मे येथें व न्यूयॉर्कजवळील कोनी बेटावर असेच आणखी दोन हत्ती उभे राहिले. केप मे येथील हत्तीला तर ‘आशियाचा प्रकाश’ असें नांव होतें.

आंतील रचना मोठी मौजेची आहे. मागच्या पायांत गोल जिना आहे. त्यानें चढून गेलें कीं माणूस थेट हत्तिणीच्या पोटांतील दालनांत पोंचतो. एकंदर २२ खिडक्या. डोळे म्हणजे त्यांपैकींच दोन. १९०२ सालीं एका इंग्रज डॉक्टरानें ही हत्तीण भाड्यानें घेऊन उन्हाळ्यांत तींत सहकुटुंब संसारहि थाटला होता. आपल्याकडील जाणता प्रेक्षक मात्र एक चूक लगेच काढील : असे लांब सुळे आशियाई हत्तीलाच असतात, हत्तिणीला नाहींत. स्त्रीचें नांव तिला मागाहून मिळालें. घडण मात्र नराची राहिली.

तिघां भावंडांत आज हीच एक शिल्लक आहे. कोनी बेटावरील हत्ती १८९६ सालीं जळाला. केप मे येथील १९०० सालीं पाडण्यांत आला. ल्यूसीवरहि वेळ आलीच. लॅफर्टीनें ती १८८७ सालीं विकली. नव्या मालकाच्या घराण्यानें तिला अनेक वर्षें सांभाळलें. परंतु खाऱ्या वाऱ्यानें पत्रा गंजला, लांकूड कुजूं लागलें, आणि तिच्या पायांखालील जागा मात्र सोन्याच्या मोलाची झाली. अखेर ती जागा नव्या बांधकामासाठीं विकली गेली. जी ओसाड जमीन खपविण्यासाठीं हत्तीण बांधली, त्याच जमिनीचा भाव आतां तिच्या मुळावर उठला!

१९६९ सालीं गांवच्या नागरिकांनीं तिच्या रक्षणासाठीं समिती स्थापन केली. ती हलविण्यास जेमतेम तीस दिवसांची मुदत होती. कार्यकर्ते दारोदार फिरून वर्गणी गोळा करूं लागले. ऐन वेळीं नव्या जागेच्या शेजारच्या मालकानें कोर्टांत धांव घेतली. हत्तीण शेजारीं आली तर आपल्या मालमत्तेची किंमत उतरेल, हें त्याचें गाऱ्हाणें. न्यायाधीशांनीं तें मानलें नाहीं, आणि १९७० च्या जुलै महिन्यांत ती अवाढव्य मूर्ति चाकांवर चढवून कांहीं चौक पलीकडे, नगरपालिकेच्या जागेवर सुखरूप नेण्यांत आली.

१९७६ सालीं तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. २०१२ च्या भयंकर वादळांतूनहि ती वांचली. आणि २०२२ च्या अखेरीस, सगळी कातडी नवी लेवून, पाहुण्यांसाठीं पुन्हां खुली झाली.

हत्तिणीच्या अंगीं शिल्पाची थोरवी नाहीं. तिला बांधणाऱ्याचा हेतूहि निव्वळ व्यापाराचा होता. परंतु वस्तु कशासाठीं निर्माण झाली, यावरच तिचें मोल ठरत नसतें. बालपणीं जिच्या पोटांत शिरून डोळ्यांच्या खिडकींतून समुद्र पाहिला, ती हत्तीण गांवाला परकी वाटेना. जमिनीच्या जाहिरातीचा खांब तो. लोकांच्या जिव्हाळ्यानें त्याचें स्मारक झालें.