कोकिळाचा षड्ज

पहाटे पावणेपाच. मृग दोन दिवसांवर आलाय, तरी पिंप्राळ्याच्या गच्च्या रात्रभर धगधगतात. तारेवर दयाळ गातोय. पहिला अर्धा तास वही उघडायची नाही, नुसतं ऐकायचं.

साडेपाच. कडुनिंबात कोकीळ. 'कुऊ', मग जरा वर, आणखी वर, आणि टोकाला पोचून एकदम गप्प. मधेच रेल्वेचा भोंगा रेकॉर्डिंगवरून गेला.

शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकरा'त मोराला षड्ज दिला, क्रौंचाला मध्यम, कोकिळाला पंचम. तेराव्या शतकातला हा ग्रंथ देवगिरीचा, म्हणजे अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की आमच्या शेजारचाच. पण पंचम हे एक नातं आहे. षड्ज ठरल्याशिवाय पंचम कुठला? आणि कोकीळ षड्ज देतच नाही.

सात ते दहा. ह्याच प्रश्नासाठी रचना बांधतोय. तानपुरा काळी एकमध्ये लावला की आजच्या हाकेचा शेवट पंचमावर बसतो. पांढरी एकमध्ये उतरवला की तोच शेवट कोमल धैवत होतो. नुसता विचार करून हे मला इतकं लख्ख कळलं नसतं, गाऊनच कळलं. कॉम्प्युटरवर वेग निम्मा केला की आवाज सप्तकभर खाली येतो आणि एकच वाटलेल्या सुरातून अख्खी मींड उलगडते. हार्मोनियमच्या पट्ट्यांत ती मावत नाही. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ (1908–1992) पाखरांची गाणी वाद्यांसाठी लिहिताना असाच वेग कमी करी, सप्तकं खाली आणी. लयीसाठी त्यानं आधार घेतला तो शार्ङ्गदेवाच्या 120 देशी तालांचा! देवगिरीचे ताल आणि फ्रान्समधली पाखरं एका माणसाच्या संगीतात भेटली, हे आठवलं की मला हुरूप येतो.

बारा ते चार. उन्हानं कावळेही चोची उघड्या टाकून बसलेत. काम बंद.

साडेचार. पावशा ओरडला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आयक भाऊ, पेरते व्हा म्हनी रायना." हिंदीत ह्याच हाकेला 'पी कहाँ' म्हणतात, इंग्रजांना तीत 'ब्रेन फीवर' ऐकू आलं. मग मी टिपतोय ते पाखराचं की माझ्या कानाचं? सकाळपासून अडलेली सुरुवात इथं सुटली. तानपुरा आधी लावायचाच नाही. गळ्यातून फक्त हाक, षड्ज अगदी शेवटी.

रात्री आठ. दोन विद्यार्थिनींना ही सुरुवात गायला दिली.

"सर, सा कुठला धरू?"

"तुमच्या मनात कुठला आला, तो म्हणा."

दोघींचे सा वेगळे निघाले. दोन्ही वहीत लिहून ठेवले.