मांगरातली जीप भंगारात घालण्यापूर्वी...

रस्त्यावरच्या जुन्या गाड्या ओळखाव्यात कशा, राखाव्यात कशा?

हातखंब्याच्या तिठ्यावर एसटीची वाट बघत उभं राहणं आमच्यासारख्या फिरतीच्या माणसाला काही नवीन नाही. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता इथे एकमेकांना भेटतात, त्यामुळे उभ्या उभ्या तऱ्हेतऱ्हेची वाहने बघायला मिळतात. मागे आंब्याच्या हंगामात असाच उभा होतो. पालीच्या बाजूने एक जीप आली. उंच बॉनेट, चपटे मडगार्ड, मागे रिकाम्या पेट्यांची चळत. बाजूला उभी असलेली दोन पोरं हसली. एक म्हणाला, "डबडं चाललंय बघ." शेजारी एक वयस्क बागायतदार होते. ते त्याला म्हणाले, "डबडं नव्हे रे बाबा. ह्याच गाडीनं आमच्या पेट्या बंदरावर नेल्यात. बॉनेट बघ तिचं, आणि मग बोल."

हा प्रसंग मी विसरलोही असतो. पण त्याच आठवड्यात लांजा तालुक्यात एका बागेत कलमांची पाहणी करायला गेलो होतो. मांगराच्या कोपऱ्यात जमिनीवर चार चाकांच्या जागी चार चिरे मांडलेले आणि मधे तेलाचा काळा डाग. विचारलं तेव्हा घरचा मुलगा म्हणाला, "आजोबांची जीप होती. जागा अडवून बसलेली. गणपतीआधी भंगारवाल्याला किलोवर दिली." पुढे आजोबांची ट्रंक आवरताना आरसी बुक सापडलं. पहिली नोंद १९६२ ची. इंजिनाचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळत होता, म्हणजे इंजिन मूळचंच होतं. पण भंगारवाल्याकडे चौकशी करेपर्यंत गॅस कटरने तिचे तुकडे झाले होते. पैसे गेले ते गेलेच, पण घरातल्या म्हाताऱ्या आजी मला म्हणाल्या, "आम्हाला कोणी सांगितलं असतं तर?" त्यांच्या त्या प्रश्नासाठी हा लेख.

व्हिंटेज म्हणायचं कशाला?

हौशी मंडळींच्या हिशेबात १९१९ ते १९३० या काळात बनलेली मोटार ती व्हिंटेज. त्यानंतरच्या नावाजलेल्या गाड्यांना ते क्लासिक म्हणतात. सरकारचा हिशेब मात्र वेगळा आणि आपल्याला जास्त उपयोगाचा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणजे १९७५ किंवा त्याआधी नोंद झालेली आपल्या गावातली जीप, फियाट, बुलेट किंवा जावा, यांपैकी कुठलीही या हिशेबात बसू शकते. त्यासाठी राजवाडाच पाहिजे असे नाही.

जीप: पुढची जाळी मोजा

आपल्या जिल्ह्यात सर्वांत जास्त जुनी वाहने सापडतील ती जीपच. महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली. डोंगराच्या वाटा, नदीतले उतार आणि लाल चिखल यांत दुसरी गाडी टिकत नसे. त्यामुळे डॉक्टर, बागायतदार, लाकडाचे व्यापारी आणि सरकारी खाती यांनी जीपच धरली.

ओळखण्याची पहिली खूण म्हणजे समोरच्या जाळीतल्या उभ्या फटी. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला बहुतेक वेळा नऊ फटी असतात, दिवे लहान असतात आणि स्टेपनी मागे टांगलेली असते. युद्धानंतर साध्या नागरिकांसाठी काढलेल्या जीपला सात फटी आणि मोठे दिवे असतात. तिला मागे उघडणारे फळकूट असल्याने स्टेपनी बाजूला येते.

दुसरी खूण काच. सुरुवातीच्या जीपची पुढची काच दोन भागांत, मधे पट्टी. १९४९ नंतरच्या मॉडेलला एकसंध काच आली. तिसरी खूण बॉनेट. १९५३ मध्ये विलीजने जास्त उंचीचे इंजिन बसवले, ते मावेना म्हणून बॉनेटच वर उचलले. हेच ते सीजे-३बी मॉडेल. आपल्याकडे महिंद्रने ते पुढे बरीच वर्षे काढले. त्यामुळे उंच बॉनेट दिसले की मॉडेल कळते, साल कळत नाही. साल पुस्तकातच बघावे लागते. तिठ्यावरचे बागायतदार गाडीबद्दल बरोबर होते. सालाबद्दल मी तरी पैज लावली नसती.

आवाजही ऐका. ही जुनी जीप मुळात पेट्रोलवरची. ती डिझेलची धडधड करत असेल तर बहुधा नंतर कोणीतरी इंजिन बदलले आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे नोंदणीच्या वेळी याचा संबंध येतो.

अॅम्बेसेडर आणि फियाट

अॅम्बेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून ती घेतलेली. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, पण समोरची जाळी बघितली की फरक कळतो. १९६३ च्या सुमाराच्या मार्क टू गाडीला बारीक चौकटींची जाळी आहे. १९७५ च्या मार्क थ्रीला आडव्या पट्ट्या. १९७९ च्या मार्क फोरला पुन्हा चौकटी, पण मोठ्या, आणि जाळीही लहान.

फियाट म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्याची गाडी. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली. १९५४ च्या सुमारास फियाट ११०० आली. तिच्या गोल, फुगीर पाठीमुळे लोकांनी तिला थेट 'डुक्कर फियाट' म्हटले. तिची हमखास खूण म्हणजे पुढची दारे उलटी उघडतात, बिजागरी मागच्या बाजूला. १९६४ च्या सुमारास डिलाइट आली, १९७२ मध्ये तिचे नाव प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये पद्मिनी. चाकरमान्यांनी हीच पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे चालवली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २००३ मधली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली.

टेम्पो आणि ट्रक

'टेम्पो' हा शब्द आज आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला वापरतो. मुळात ते एका जर्मन कंपनीचे नाव. बजाज टेम्पो कंपनीने त्यांच्या परवान्यावर तीनचाकी हॅन्सिएट गाडी काढली. पुढे एकच चाक आणि सोंडेसारखे पुढे आलेले नाक ही तिची खूण. आता एखादी दिसली तर थांबून बघा.

जुन्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा दिसला तर तो १९५४ ते १९६९ या काळातल्या टाटा-मर्सिडीज करारातला असण्याचा संभव मोठा. करार संपल्यावर तारा गेला आणि टाटांचा 'टी' आला. बेडफोर्ड हे आणखी एक नाव. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पहिली एसटी सुटली ती बेडफोर्डच होती, लाकडी बॉडीची.

नंबरप्लेट काय सांगते?

आपली एमएच-०८ ही पद्धत १ जुलै १९८९ नंतरची. त्याआधी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत. मुंबई राज्याच्या काळातल्या कित्येक पाट्या 'बी' अक्षराने सुरू होतात. आंबा घाट चढून कोल्हापूरला दसऱ्याला गेलात तर छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार सोहळ्यात बघायला मिळते. तिच्यावरचा 'बीएचबी १' हा नंबर त्याच जुन्या पद्धतीचा. म्हणून तीन अक्षरांचा नंबर दिसला की गाडी १९८९ पूर्वी नोंदलेली, एवढे धरून चालावे.

उलट मात्र खरे नाही. लष्कराच्या लिलावातली जीप नोंदली जाते ती लिलावानंतर, त्यामुळे गाडी जुनी आणि नोंद अलीकडची असू शकते. परराज्यातून आणलेल्या गाडीलाही नवा नंबर मिळतो. तेव्हा पाटीवर विसंबू नका. चॅसी आणि इंजिन यांच्यावर कोरलेले नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. गंज असेल तर रॉकेलचा बोळा हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपरने घासू नका, अंक पुसले जातात.

कायदा आणि कागद

गावातल्या जुन्या गाडीची खरी अडचण इंजिनाची नसते, कागदाची असते. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले आणि वारस मुंबई-पुण्यात पांगलेले. मालक वारल्यास ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ वर अर्ज करून गाडी वारसाच्या नावावर घ्यायची, असा नियम आहे. मुदत उलटली म्हणून गप्प बसू नका. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि मूळ पुस्तक घेऊन आरटीओत जाऊन विचारा. ग्रामसेवक मंडळींनी मृत्यूचा दाखला देताना "घरात गाडी आहे का?" एवढं विचारलं तरी पुढचं बरंच काम वाचेल.

व्हिंटेज नोंदणीसाठी नमुना २० वर अर्ज, विमा आणि जुने आरसी बुक लागते. २०२१ च्या नियमात नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठरवली असून ती दहा वर्षे चालते. पुढच्या नोंदणीला ५ हजार. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' येते. आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात ठळक फेरफार केलेला असेल तर मात्र अडचण येते. डिझेल इंजिन बसवलेल्या जीपच्या मालकांनी पैसे भरण्यापूर्वी आरटीओत नीट विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यांना जीपने आंब्याच्या पेट्या वाहायच्या आहेत त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांनी साध्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे, पर्यावरण कर भरावा आणि विमा चालू ठेवावा.

आणि गाडी भंगारात घालायचीच झाली, तर नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्या. गाडी कायमची मोडीत निघाली की १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंद रद्द करून घ्यायची असते. नाहीतर लोखंड गेले तरी कागदावर मालक तुम्हीच राहता.

कोकणच्या हवेत गाडी राखताना

आपल्याकडे गाडीचा पहिला शत्रू खारी हवा आणि दुसरा पावसाळा. तिसरा आपणच. खताच्या गोणी आणि गाडी एकाच मांगरात ठेवणारे मी कितीतरी बघितले. युरियासारखी खते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्यांचा कण पत्र्याला लागला की गंज झपाट्याने चढतो. खत एका मांगरात, गाडी दुसऱ्या.

सारवलेल्या जमिनीत दमटपणा असतो, म्हणून चाकांखाली फळ्या घाला. गाडी उचलून ठेवायची असेल तर चिऱ्यावर थेट टेकवू नका. जांभा भुगा होऊन सरकतो, मधे जाड लाकूड घाला. टाकीतले जुने पेट्रोल आणि रेडिएटरमधले पाणी काढून टाका, बॅटरी सोडवून ठेवा. महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवा, म्हणजे ते धरत नाही. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत वाफ धरते. सुती चादर बरी. आणि भात जवळ साठवू नका. भाताला उंदीर येतात, आणि भात संपला की वायरी कुरतडतात.

शेवटी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेतल्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे, त्यामुळे खात्याच्या जुन्या जीप मोडीत जाणार हे ठरलेलेच. पण जीपबरोबर तिचे लॉगबुक रद्दीत घालू नका. कुठल्या साली, कुठल्या गावात, कशासाठी गाडी गेली हे त्यात लिहिलेले असते. एक फोटो आणि ते लॉगबुक कार्यालयात राहू द्या.

आणि शेतकरी बंधूंनो, या गणपतीत चाकरमानी घरी येतील, सगळे भाऊ एकत्र बसतील. तेव्हा मांगराचा विषय काढा. आधी ट्रंक उघडा, पुस्तक शोधा, पहिल्या नोंदीचं साल बघा. गाडी ठेवायची की द्यायची ते त्यानंतर ठरवा. भंगारवाला काय, गणपतीनंतरही येणारच आहे.