खुद्रीला नाव कुणी दिलं?

मृगाचा पाऊस मनासारखा लागला, ओढे गढूळ होऊन धावू लागले, की मावळात मासे उलटे चढतात. 'चढणीचे मासे' म्हणतात त्यांना. अंड्यांनी पोट फुगलेल्या माद्या लोंढ्याशी झुंजत थेट भातखाचरापर्यंत येतात आणि रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं ओढ्यात उतरतात. शास्त्रज्ञ याला प्रजननासाठीचं स्थलांतर म्हणतात. गावाच्या लेखी ती कालवणाची सोय. पण कुठल्या पावसाला कुठला मासा निघतो, हे ठाऊक असल्याखेरीज ही सोय होत नाही.

ही जाण शास्त्रात शिरली ती आधी नावांच्या रूपाने. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. 1824 पासून मुंबई इलाख्याची आकडेवारी गोळा करण्याचं काम त्याच्याकडे होतं. दख्खनच्या माशांवर त्याने 1830 च्या दशकाअखेरीस लिहिलं, तेव्हा कितीतरी नावं नदीकाठी ऐकली तशीच उचलली. शिंगाळा, कोळस, सांडखोल, अलकुटी, नुक्ता. मुळा-मुठेतल्या महाशीराला त्याने 'खुद्री' म्हटलं आणि आजही जगभर तो 'टॉर खुद्री'च आहे. नावं सांगणारे भोई-कोळी मात्र यादीबाहेर राहिले.

सगळीकडे असंच घडतं असं नाही. आर्क्टिकमधल्या नारव्हाल या देवमाशाचा लांबलचक सुळा म्हणजे खरं तर दात. त्यावर काम करणाऱ्या मार्टिन न्विया या दंतवैद्याने इन्युइट जाणत्यांची निरीक्षणं संशोधनातच सामील करून घेतली. त्या सुळ्याला पाण्यातल्या खारटपणाचा फरक जाणवतो, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे असा कान मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णींना होता. कृष्णेच्या खोऱ्यातला एक छोटा मासा इतर माशांचे खवले ओरबाडून खातो. कोळ्यांनी त्याला नाव ठेवलं होतं 'खवलचोर'. कुलकर्णींनी 1952 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा हेच नाव कायम केलं. अख्ख्या माशाची सवय एका शब्दात! लॅटिनला इतकं नेमकं जमलं असतं असं मला वाटत नाही.

हेच कुलकर्णी पुढे लोणावळ्यात दिसतात. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी इथे वळवण, शिरवता अशी धरणं बांधली गेली. धरण आलं की चढणीची वाट तुटते. 1970 च्या दशकात कुलकर्णी आणि श. ना. ओगले यांनी वळवणच्या केंद्रात खुद्रीची कृत्रिम पैदास बसवली. मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यांत नराचं रेत मिसळायचं आणि ती वाहत्या पाण्यात ठेवायची. सोनेरी-पिवळी अंडी जड असतात, तळाशी बसतात. ओल्या कापसात गुंडाळून ती विमानानेही पाठवता येतात, हे या दोघांनी 1979 मध्ये छापून दाखवलं. बाळंतपणाच्या खोलीतला कापूस माशांच्याही कामी आला!

लोणावळ्याची पिल्लं मग देशभर गेली, कावेरीतही. तिथे आधीच कुबडवाला, नारिंगी पंखांचा, अजस्र महाशीर राहत होता. गळ टाकणारे आणि नदीकाठचे लोक त्याला वेगळा ओळखत होते. शास्त्राकडे मात्र त्याची धड नोंदही नव्हती. गळवाल्यांच्या 1998 ते 2012 च्या वह्या तपासल्या तेव्हा निळसर पंखांचा पाहुणा, म्हणजे खुद्री, वाढत गेलेला आणि यजमान आटत चाललेला दिसला. त्या यजमानाची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पक्की झाली, 'टॉर रेमादेवी' अशी. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींमध्ये झाली.

कुलकर्णी-ओगल्यांना दोष देऊन भागणार नाही. ज्या काळात महाशीर म्हणजे महाशीर, एवढंच धोरण होतं, त्या काळात त्यांनी एक मासा वाचवला. पण पिल्लं सोडण्याआधी कावेरीकाठच्या माणसाला विचारलं असतं, तर 'इथला मासा निराळा आहे' एवढं त्याने नक्की सांगितलं असतं.

इकडे महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले महाशीर अजूनही माणसाच्या हातचे कुरमुरे खायला काठाशी येतात.