पातेले एक, पेले वेगळे

पावसाची पहिली सर येऊन हवा गार झाली, की घराघरांतून आले ठेचल्याचा तिखटसर वास दरवळू लागतो. पातेल्यात काढा उकळतो आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांपुढे तोच पेला येतो. मायेच्या दृष्टीने हे योग्यच आहे; परंतु प्रत्येकाची प्रकृती निराळी असल्याने पेलाही निराळा असावयास हवा.

आयुर्वेद ओल्या आल्यास ‘आर्द्रक’ आणि वाळलेल्या आल्यास ‘शुंठी’ म्हणतो व दोहोंचे गुण वेगळे मानतो. रसायनशास्त्रालाही हा भेद दिसतो. ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या द्रव्यामुळे असतो. आले वाळवताना अथवा उकळताना त्याचा काही अंश शोगाओलमध्ये पालटतो, आणि हे द्रव्य अधिक तिखट असते. म्हणूनच सुंठ चिमटीनेच घ्यावी.

दोन पेल्यांच्या काढ्यासाठी अडीच पेले पाणी, बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले, गवती चहाच्या दोन पाती, पाच-सहा तुळशीची पाने आणि दोन मिरी पुरेत. आले व मिरी घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे. भांड्यावर झाकण असू द्यावे, कारण सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. शेवटी गवती चहा व तुळस घालून आच बंद करावी आणि पाच मिनिटांनी गाळावे. गूळ चवीपुरताच घालावा.

उन्हाळ्यात पाचक बरे. आल्याचा रस काढून अर्धा तास स्थिर ठेवावा. तळाशी पांढरा साका बसतो, तो टाकून वरचा रस निथळून घ्यावा. त्यात तितकाच लिंबाचा रस, साखर व सैंधव मिसळून काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवावे. पेलाभर पाण्यात एक-दोन चमचे घ्यावे.

आता पेल्यांविषयी. एक वर्षाखालील बाळास मध मुळीच चाटवू नये. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मधुमेह असलेल्यांचा काढा गूळ घालण्यापूर्वीच वेगळा काढावा. रक्तदाब असलेल्यांनी सैंधव हेही मीठच आहे, हे ध्यानी ठेवावे. छातीत जळजळ होणाऱ्यांनी रिकाम्या पोटी काढा टाळावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी, शस्त्रक्रिया व्हावयाची असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच काढ्याचे प्रमाण ठरवावे. गर्भारपणातील मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, हे खरे असले तरी.

मात्रेचे भानही हवे. 2020 साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने सुचविलेला सुंठ-तुळशीचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदाच घ्यावयाचा होता. अति तेथे माती, ही म्हण काढ्यालाही लागू पडते.

आल्याचे पेय घशाला ऊब देते, मळमळ शमविते, भूक चाळविते. परंतु न्यूमोनिया वा डेंग्यू त्याने बरा होत नाही. ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर दवाखाना गाठावा. धाप लागत असेल, किंवा मूल मलूल होऊन पाणीही पीत नसेल, तर तेवढीही वाट न पाहता, पातेले चुलीवरून उतरवून प्रथम डॉक्टरांकडे जावे.